सोळा बाइटांत न मावणारे भोकरदन

भोकरदनच्या बसस्थानकावर सकाळी जालन्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांच्या खिशांत तीन-चार प्रकारची कार्डे सहज सापडतील. आजोबांकडे एसटीचे ज्येष्ठ नागरिकांचे स्मार्ट कार्ड, शेतकऱ्याकडे पीककर्जाच्या खात्याचे रुपे कार्ड, मोटारसायकलवाल्याकडे लायसन्स आणि मोबाइल असणाऱ्या प्रत्येकाकडे एक सिम. एसटीने ज्येष्ठांसाठी स्मार्ट कार्डाची योजना २०१९ मध्ये आणली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, तेव्हा ओळख पटवण्याला आणखी महत्त्व आले. बँकांनी काळ्या चुंबकीय पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे द्यावीत, यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली होती.

व्यवहार आला की ओळख आणि नोंद आलीच, आणि केळना नदीकाठच्या या गावाला व्यवहाराची सवय फार जुनी आहे. सातवाहनांच्या काळातल्या या व्यापारी गावाचे नाव भोगवर्धन. इथल्या दात्यांनी सांचीच्या स्तूपाला दान दिले आणि तिथल्या दगडावर आपल्या गावाचे नाव कोरवून घेतले. १९७३ मध्ये इथे उत्खननही झाले. दगडावरची नोंद कोणालाही पाहता येते. कार्डातली नोंद मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ज्याचे कार्ड आहे त्यालाही तिच्याबद्दल काही माहीत नसते. ती नोंद वाचून पाहण्याचे साधन आज काही शे रुपयांत मिळते. त्या साधनाची ही ओळख.

सात तारांची जोडणी

साधनाचे दोन भाग. पहिला आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. इटलीतल्या इव्रिया गावी २००५ मध्ये आर्डुइनोची सुरुवात झाली ती विद्यार्थ्यांसाठी. उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपचा वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रामसाठी जागा ३२ किलोबाइट आणि काम करताना वापरायची स्मृती अवघी २ किलोबाइट. दुसरा भाग आरसी५२२ हे वाचक मॉड्यूल. त्याच्या निळ्या पट्टीवर तांब्याच्या रेषेचे चौकोनी वेटोळे उमटवलेले असते, तोच त्याचा अँटेना. मॉड्यूलबरोबर बहुधा एक पांढरे कार्ड आणि किल्लीच्या जुडग्यात अडकवायचा एक निळा टॅग येतो.

मॉड्यूलला आठ पिना असतात, त्यांतल्या सात जोडल्या की काम भागते. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की ध्यानात ठेवायची: वीजपुरवठा ३.३ व्होल्टच्या पिनेतून घ्यायचा, शेजारच्या ५ व्होल्टच्या पिनेतून नाही. मग यूएसबी केबलने बोर्ड संगणकाला जोडायचा, फुकट मिळणारी तयार लायब्ररी घ्यायची आणि तिच्यातला नमुना प्रोग्राम चढवायचा. कार्ड अँटेनाजवळ नेले की पडद्यावर त्याचा क्रमांक उमटतो.

या कार्डात बॅटरी नसते. मॉड्यूलचा अँटेना १३.५६ मेगाहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. कार्डाच्या प्लास्टिकमध्ये दडलेल्या वेटोळ्यात त्या क्षेत्रामुळे वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप जागी होते. उत्तर देताना कार्ड स्वतः काही प्रसारित करत नाही. ते आपला विजेचा भार ठरावीक तालात कमी-जास्त करते आणि वाचक आपल्याच क्षेत्रातला तो बारीक फरक ओळखतो. त्यामुळे पल्लाही लहान, चार-पाच सेंटिमीटरचा. दोन कार्डे एकदम समोर आली, तर वाचक त्यांचे क्रमांक बिटामागून बिट तपासत एकेकाला निवडतो.

कार्डाच्या पोटात

सोबत येणारे पांढरे कार्ड बहुतेक वेळा मायफेअर क्लासिक या जातीचे असते. त्याची एकूण जागा १,०२४ बाइट. तिचे सोळा सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये चार ब्लॉक आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये सोळा बाइट. सेक्टरचा चौथा ब्लॉक कुलपासाठी राखीव. त्यात सहा बाइटांची पहिली किल्ली, सहा बाइटांची दुसरी किल्ली आणि मधल्या चार बाइटांत कोणत्या किल्लीने काय करता येईल याचे नियम. अगदी पहिला ब्लॉक कारखान्याचा, कार्डाचा क्रमांक तिथे असतो. हे सगळे वजा जाता आपल्या हाती उरतात ७५२ बाइट.

एवढ्या जागेत काय मावते, हे आपल्या लिपीत लिहून पाहावे. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'जालना' लिहायला पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट लागतात. ते एका ब्लॉकमध्ये बसते आणि एक बाइट उरतो. 'भोकरदन'ला सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट लागतात. सोळांचा ब्लॉक संपतो आणि शेवटचा 'न' तुटतो. त्याचे दोन बाइट पुढच्या ब्लॉकमध्ये टाकावे लागतात आणि वाचताना आठवणीने जोडून घ्यावे लागतात. रोमन लिपीत हेच नाव नऊ बाइटांत संपते. संगणकात अक्षर कसे साठते, हे वर्गात शिकवायचे असेल तर इतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

शिल्लक रक्कम लिहायची रीतही पाहण्यासारखी आहे. आकडा चार बाइटांचा, पण तो तीन वेळा लिहिला जातो. दोनदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे प्रत्येक एकाच्या जागी शून्य आणि शून्याच्या जागी एक. उरलेल्या चार बाइटांत एका ब्लॉकचा पत्ता असाच सरळ-उलटा लिहायचा. लिहिता लिहिता कोणी कार्ड मागे ओढले आणि नोंद अर्धवट राहिली, तर या प्रती जुळत नाहीत आणि कार्ड त्या नोंदीवर पुढचा हिशेब करत नाही. दुकानदार रोकड आणि खतावणी ताडून पाहतो, तशीच ही पद्धत.

सोनेरी चौकोनाचे कार्ड

बँकेच्या कार्डावर आणि सिमवर दिसणारा सोनेरी चौकोन म्हणजे स्पर्शाने चालणारी चिप. ही कल्पना युरोपातली. जर्मनीत डेथलॉफ आणि ग्रोट्रुप यांनी १९६८ मध्ये आणि फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केले. पुढे फ्रान्सच्या सार्वजनिक टेलिफोनमुळे ती घराघरांत पोचली. भारतात लायसन्स आणि वाहन नोंदणीच्या कार्डांसाठी 'स्कोस्टा' हे प्रमाण राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) आणि आयआयटी कानपूर यांनी घडवले. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना अशीच चिपची कार्डे मिळाली आणि त्यांत बोटांचे ठसे साठवले गेले.

उनो या चिपशीही बोलू शकतो. चिपला बाहेरून घड्याळाचे ठोके लागतात. उनोचा टायमर १६ मेगाहर्ट्झला चारने भागून ४ मेगाहर्ट्झ देतो. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे एका बिटासाठी ३७२ ठोके, म्हणजे ९३ मायक्रोसेकंद. रिसेटची तार वर नेली की चिप आपली ओळख सांगते आणि त्या उत्तराचा पहिला बाइट षोडशमान पद्धतीत बहुधा '३बी' असतो. त्यापुढे मात्र चिप विचाराल ते सगळे सांगत नाही. सिमचा पिन तीनदा चुकला की पीयूके मागितला जातो, हे आपण अनुभवाने जाणतो. बँकेच्या चिपमधली गुप्त किल्ली तर कधीच बाहेर पडत नाही. चिप आतल्या आत गणित करते आणि फक्त उत्तर देते.

कुलूप कुठे कच्चे

मायफेअर क्लासिकच्या कुलपाची रचना ते बनवणाऱ्या कंपनीने वर्षानुवर्षे गुपित ठेवली होती. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी ती उलगडून दाखवली. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी हे कुलूप प्रत्यक्ष कसे उघडते ते दाखवले. कंपनी न्यायालयात गेली, पण संशोधन छापण्यावर बंदी घालायला न्यायालयाने नकार दिला. रचना सर्वांना माहीत असली तरी फक्त किल्ली गुप्त राहिल्याने जे टिकते, तेच कुलूप खरे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी हे १८८३ मध्येच लिहून ठेवले होते.

गावातल्या शाळेला, ग्रंथालयाला किंवा दूध संकलन केंद्राला कार्डाची हजेरी बसवायची असेल, तर यातून तीन गोष्टी घ्यायच्या. केवळ कार्डाच्या क्रमांकावर विसंबू नये, कारण क्रमांक बदलता येणारी कोरी कार्डे बाजारात मिळतात. कारखान्यातून येणारी किल्ली म्हणजे सहाही बाइट 'एफएफ', ती सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि पहिल्याच दिवशी बदलायला हवी. बदलताना त्या चौथ्या ब्लॉकमधले नियमांचे चार बाइट चुकले, तर तो सेक्टर कायमचा बंद होऊ शकतो. आणि जिथे पैशांचा हिशेब आहे, तिथे क्लासिक नको, एईएस या सांकेतिकीकरण पद्धतीने कुलूप लावणारे कार्ड घ्यावे. प्रयोग मात्र स्वतःच्या कोऱ्या कार्डावरच करावेत. दुसऱ्याच्या कार्डातील माहितीत अप्रामाणिकपणे ढवळाढवळ करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेने सहावी ते बारावीच्या मुलांच्या हातात असे बोर्ड देण्याची वाट २०१६ मध्ये खुली केली. पण ज्या शाळेत अशी लॅब नाही, तिलाही एक उनो, एक आरसी५२२ आणि चार कोरी कार्डे परवडतात. भोकरदन तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे: यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग ठेवा, आणि प्रत्येक मुलाला आपल्या गावाचे नाव देवनागरीत कार्डावर लिहू द्या, वाचू द्या.