बेगमीची मुदत

‘आपत्कालीन सज्जता’ हे शब्द आपल्याकडे सरकारी परिपत्रकांतून आले. ती गोष्ट मात्र घरात आधीपासून होतीच. कोकणात तिला आगोठ म्हणतात. मृग लागण्यापूर्वी सुकी मासळी, कांदे, मिरच्या, जळाऊ लाकडं घरात यायलाच हवीत. एकदा पाऊस बसला की होड्या किनाऱ्यावर. देशावर उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड वाळत पडायचे. शेजारणी पोळपाट-लाटणी घेऊन जमत नि निम्म्या लाट्या तेलात बुडवून मुलंच फस्त करीत. उद्याच्या काळजीचं काम, पण घरात वातावरण सणाचं!

या बेगमीला मुदतही होती. सुकी मासळी नारळी पौर्णिमेपर्यंत, पापड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. साठवलेलं खायचं, संपवायचं, पुन्हा करायचं.

बँकेच्या नोकरीत मी बिनमुदतीची बेगमी पुष्कळ पाहिली. एक निवृत्त गृहस्थ दर तीन वर्षांनी मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला येत. ‘थोडे काढायचे का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘नको, अडीअडचणीला असू देत.’ पत्नीला एकदा काशीला जायचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. ते गेल्यावर बाई कागदपत्रं घेऊन आल्या. सही करताना म्हणाल्या, ‘आता पैसे आहेत, पण गुडघे चालत नाहीत.’

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यांतले पैसे काउंटरवर आले. संकटासाठी जपलेल्या नोटांवरच संकट आलं होतं! कित्येक ठेवींना तर दहा-दहा वर्षं कोणी हात लावत नाही. मग ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली उभारलेल्या निधीत जाते.

म्हणून तयारी सोडून द्यावी का? मुळीच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. टॉर्च, पिण्याचं पाणी, आठवड्याची औषधं, प्लॅस्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवलेली कागदपत्रं घरात हवीतच. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, खात्याला वारसाचं नाव लावलेलं असावं, नि हे सारं कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही ठाऊक असावं. शेजाऱ्यांशी बोलणं-चालणं असावं. सव्वीस जुलैच्या रात्री अडकलेल्यांना अनोळखी घरांनीच आसरा दिला होता.

एवढं झालं की यादीखाली रेघ ओढावी. रेघेच्या वर जे आहे ते संकटासाठी. खाली उरेल ते आपल्या माणसांसाठी. काशी असो नाहीतर नुसती चौपाटीवरची भेळ, गुडघे चालताहेत तोवर निघावं.