हाताच्या कंडरेची दुरुस्ती आणि पीआरपी : काही खुलासा

वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे या औद्योगिक पट्ट्यात पत्रा कापणारी लहान यंत्रे अहोरात्र चालतात. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथे मासळी कापली जाते आणि वाड्यांमध्ये कोयता कोणाच्याही हातात असतो. त्यामुळे ‘बोटाची शीर तुटली’ असे सांगत येणारा रुग्ण आमच्या परिचयाचा आहे. लोक जिला शीर म्हणतात ती बहुधा रक्तवाहिनी नसून कंडरा, म्हणजेच टेंडन असते. हाताच्या पुढच्या भागातील स्नायूंची ओढ बोटाच्या हाडापर्यंत पोहोचविणारी ही चिवट दोरी होय.

जखम लहान दिसते, टाके घातले जातात आणि कंडरा तुटल्याचे लक्षातच येत नाही, असे पुष्कळदा घडते. बोट वाकविणाऱ्या कंडरा प्रत्येक बोटात दोन असतात (अंगठ्यात एकच). त्यांपैकी एक शाबूत असली तरी बोट मधल्या सांध्यात वाकते व रुग्ण निश्चिंत होतो. म्हणून मधले पेर सरळ धरून टोकाचे पेर वाकते की नाही, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. विलंब झाल्यास कंडरेचे टोक आखडून तळहातात सरकते आणि दुरुस्ती अवघड होते.

खरी अडचण शस्त्रक्रियेनंतर सुरू होते. बोटांच्या मुळाखालील आडव्या रेषेपासून मधल्या पेरापर्यंत या दोन्ही कंडरा एकाच अरुंद नळीतून सरकतात. तेथे सांधलेली कंडरा भोवतीच्या ऊतींना चिकटली की बोट वाकत नाही. चिकटू नये म्हणून ती हलवावी, तर टाके तुटण्याचे भय! अमेरिकेतील शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या भागास ‘नो मॅन्स लँड’ म्हटले व तेथे ताबडतोब टाके घालू नयेत, असा दंडक बराच काळ पाळला गेला. १९६७ मध्ये हॅरल्ड क्लाइनर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्काळ दुरुस्ती आणि नियंत्रित हालचाल यांची सांगड घालून चांगले परिणाम दाखविले, तेव्हा हे मत बदलले.

हीच कोंडी पीआरपीने सुटेल, अशी आशा अलीकडे व्यक्त होते. पीआरपी म्हणजे रक्तबिंबिकांनी, अर्थात प्लेटलेट्सनी समृद्ध असा रक्तद्रव. रुग्णाचेच थोडे रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरविले की तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरच्या द्रवातील बिंबिकांचे प्रमाण नेहमीच्या काही पट करून तो दुरुस्तीच्या जागी सोडतात. बिंबिका रक्त गोठवितात, शिवाय पेशींची वाढ व नव्या रक्तवाहिन्यांची निर्मिती यांना चालना देणारी द्रव्येही सोडतात. कंडरेला रक्तपुरवठा मुळातच कमी. तेव्हा ही कल्पना तर्कास धरून आहे, हे आम्हीही मान्य करतो.

परंतु याच द्रव्यांपैकी एक, टीजीएफ-बीटा, व्रणऊती तयार करण्यासही साहाय्य करते, आणि हाताच्या कंडरेला नेमकी तीच नको असते. खांद्याच्या किंवा टाचेच्या कंडरेचा न्याय बोटाला लावता येत नाही तो यामुळे. प्राण्यांवरील काही प्रयोगांत सांधा लवकर बळकट झालेला दिसला; माणसाच्या हातावरील अभ्यास मात्र थोडे व लहान आहेत. तयार करण्याची पद्धतही जागोजागी निराळी, त्यामुळे एकाचे पीआरपी दुसऱ्याच्या पीआरपीसारखे असेलच असे नाही. टाचेची कंडरा तुटलेल्या, पण शस्त्रक्रिया न केलेल्या २३० रुग्णांची ब्रिटनमधील चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पीआरपीचे इंजेक्शन घेतलेले व केवळ नावापुरते इंजेक्शन घेतलेले यांच्यात २४ आठवड्यांनंतर उपयुक्त असा फरक आढळला नाही. रक्त स्वतःचेच असल्याने धोका अल्प आहे, हे खरे. खर्च मात्र अल्प नाही.

ज्यावर विसंबता येते ते साधे आहे. कंडरेतून धाग्याचे चार वा सहा पदर घेऊन केलेली भक्कम शिवण, मनगट व बोटे ठरावीक कोनात ठेवणारी स्प्लिंट, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पहिल्याच आठवड्यात सुरू केलेली मोजकी हालचाल. सर्वसाधारणपणे स्प्लिंट सहा आठवडे असते आणि जड काम बारा आठवड्यांनंतरच करता येते. पहिले तीन आठवडे सर्वांत नाजूक. नेमके याच काळात सूज उतरते, दुखणे थांबते आणि रुग्ण स्वतःच्या हाताने स्प्लिंट सोडून बादली उचलतो. तंबाखू व विडी जखम भरण्यास अडथळा करतात, हेही येथे स्पष्टच सांगितले पाहिजे.

रोजंदारीवरील माणसाला बारा आठवडे थांबा म्हणणे सोपे आहे. घर कसे चालावे, हे त्याने कोणास विचारावे? कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगारास कामावरील इजेसाठी तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो. अनेकांना याची माहिती नसते, आणि कंत्राटी कामगाराची नोंद झाली आहे की नाही, याची चौकशी इजेपूर्वीच झालेली बरी. मासळी बाजारातील किंवा वाडीतील स्त्रीला तर हा आधारही नाही.

पीआरपीचे यंत्र घ्यावे काय, अशी पृच्छा काही हितचिंतक करतात. तूर्त आमचे उत्तर नकारार्थी आहे. मोठ्या व काटेकोर चाचण्यांतून हाताच्या कंडरेस लाभ सिद्ध झाल्यास त्याचा फेरविचार अवश्य व्हावा. तोवर देणगी द्यावयाचीच असल्यास ती गरम पाण्यात मऊ होणाऱ्या स्प्लिंटच्या पत्र्यासाठी, हाताच्या व्यायामोपचारासाठी आणि विरार किंवा सफाळ्याहून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या रुग्णाच्या प्रवासभाड्यासाठी द्यावी, अशी विनंती आहे.