जेसीएल आणि रेक्स: निर्णय कुठे लिहायचा?

कोणता प्रोग्रॅम, कोणती फाइल, किती जागा, हे जेसीएल (जॉब कंट्रोल लँग्वेज) मेनफ्रेमला आधीच सांगते. आयबीएमने 1964 साली सिस्टिम/360 जाहीर केली तेव्हा या सूचना पंचकार्डांवर जात. म्हणूनच आजही ओळ दोन तिरक्या रेघांनी सुरू होते आणि 71 व्या रकान्यापाशी आवरती घ्यावी लागते. त्याची सवय होते. खरा त्रास सुरू होतो तो जेसीएलकडून निर्णय करून घ्यायला गेल्यावर. जॉबच्या एखाद्या पायरीवर कॉन्ड=(4,एलटी) ही अट दिसली की वाटते, आधीच्या पायरीने संपताना दिलेला रिटर्न कोड 4 पेक्षा कमी असेल तर ही पायरी चालेल. प्रत्यक्षात तिथे म्हटलेले असते की आधीच्या कुठल्याही पायरीच्या कोडपेक्षा 4 लहान असेल, तर ही पायरी गाळा. म्हणजे कोड 4 आला तर पायरी चालते, 8 आला तर गळते. पुण्यात रात्रपाळीला बसून परदेशी बँकेची अडलेली बॅच सोडवणाऱ्याने हे कोडे का सोडवावे? सिस्टिम/360 ची ऑपरेटिंग सिस्टिम ओएस/360 ज्यांच्या देखरेखीखाली घडली त्या फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढे जेसीएलला सर्वांत वाईट प्रोग्रामिंग भाषा म्हटले. तिच्याकडे भाषा म्हणून कोणी पाहिलेच नव्हते, चार नियंत्रक कार्डे म्हणून पाहिले होते.

त्यामुळे माझे म्हणणे असे, की जेसीएलकडे फक्त साधनांची मागणी ठेवावी आणि निर्णय रेक्स या स्क्रिप्टिंग भाषेत लिहावेत. आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी 1979 मध्ये रेक्स घडवायला घेतली आणि कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कवरून वापरणाऱ्यांच्या सूचना घेत ती सुधारली. तिचा सोपेपणा तिथूनच आला असे मला वाटते. व्हेरिएबल आधी जाहीर करावे लागत नाही, आकडेमोड दशमान पद्धतीने होते, आणि वरचीच अट ‘इफ आरसी <= 4 देन’ अशी सरळ लिहिता येते. बॅचमध्ये ती चालवायला जेसीएलच्या मोजक्या ओळी आणि आयकेजेईएफटी01 हा प्रोग्रॅम पुरतो.

यावर कोणी म्हणेल, जेसीएलमध्येही इफ-देन आले आहेच की. आले, आणि कॉन्डपेक्षा ते कितीतरी वाचनीय आहे. पण ते रिटर्न कोड पाहते, पायरी चालली की अबेंड झाली (मध्येच कोसळली) ते पाहते, तिथेच थांबते. फाइलमध्ये डोकावून आज नोंदी आल्या का, हे त्याला विचारता येत नाही. रेक्स संथ आहे म्हणावे, तर तिचा कंपायलरही मिळतो.

जेसीएलच्या जुन्या जाणकारांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. जेसीएलच्या डीडी ओळींत, म्हणजे फाइली नेमून देणाऱ्या ओळींत, लिहिलेल्या फाइली जॉब सुरू होण्याआधीच राखल्या जातात, त्यामुळे दोन जॉब एकाच फाइलवर तुटून पडत नाहीत. रेक्सने ऐनवेळी फाइल मागितली आणि ती दुसऱ्याच्या ताब्यात निघाली, तर काम अर्ध्यावर अडते. शिवाय सगळे काम एकाच रेक्समध्ये कोंबले तर ती एकच पायरी होते, आणि बिघाडानंतर मधल्या पायरीपासून रिस्टार्ट करण्याची सोय जाते. हे दोन्ही मला मान्य आहे. म्हणून महत्त्वाच्या फाइली डीडीतच ठेवाव्यात, रेक्सने त्या एक्झेकआयओ या आज्ञेने वाचाव्यात, आणि जिथून रिस्टार्टची गरज पडू शकते तिथे जेसीएलची पायरी तशीच राहू द्यावी.