राष्ट्राभिमान आणि जव्हारचा मुलूख

जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके आज पालघर जिल्ह्यात एकमेकांना लागून नांदत असले, आणि परगावच्या माणसाला एकाची हद्द सरून दुसऱ्याची केव्हा लागली हे उमगतही नसले, तरी इंग्रजी अमदानीत त्या दोहोंमधून एक राजकीय रेषा जात होती. जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान होते. मोखाड्याचा पेटा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात मोडत असून तो खालसा मुलूख होता. त्यामुळे डोंगराच्या एका उतरणीवर नागली लावणारा वारली कायद्याने इंग्रजांचा प्रजाजन ठरे, आणि दुसऱ्या उतरणीवर तीच नागली लावणारा त्याचा साडू जव्हार दरबारची रयत ठरे. बोली एक, देव एक, लग्नात घराच्या भिंतीवर लिहावयाचा चौक एक, आषाढ-श्रावणातली उपासमारही एक; पण राष्ट्रीयत्व मात्र कायद्याच्या दप्तरी दोन. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक अवतरले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला. इतक्या स्थित्यंतरांतून गेलेला माणूस आपल्या पाड्यावरून एक पाऊलही हलला नव्हता.

मनुष्याने आपल्या राष्ट्रीयत्वाचा अभिमान बाळगावा काय, हा प्रश्न ग्रंथांत पुष्कळ चर्चिला गेला आहे. परंतु तो जव्हार-मोखाड्याच्या भूमीवर उभा करून पाहिला म्हणजे त्याची खरी कसोटी लागते, असे माझे मत आहे. कारण राष्ट्रीयत्व ही वस्तू किती नवी, किती सनदा-जाहीरनाम्यांवर अवलंबून असलेली आणि तरीही माणसाच्या आयुष्यावर किती खोल परिणाम करणारी असते, हे येथे जितके उघडपणे दिसते तितके पुण्या-मुंबईत दिसत नाही.

अभिमानाविरुद्धचा मुख्य आक्षेप सर्वांस परिचित आहे. ज्यात आपले काही कर्तृत्व नाही, जे केवळ जन्माच्या योगायोगाने पदरात पडले, त्याचा अभिमान कसला धरावयाचा? आक्षेप तर्कशुद्ध आहे, पण अपुरा आहे. आईबाप तरी आपण कोठे निवडले होते? तरीही त्यांच्या चांगुलपणाने मान उंचावते आणि त्यांच्या हातून कोणावर अन्याय झाला असेल तर ती खाली जाते. आणि त्यांनी कर्ज ठेवले असेल तर ते फेडणे आपले आहे, हे शहाण्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. राष्ट्राशी असलेले नाते मला याच जातीचे वाटते. ते निवडलेले नसते, परंतु पत्करलेले असू शकते. आणि पत्करावयाचे तर जमेसह आणि नावेसह, अखंड पत्करावे लागते. ज्याला केवळ जमेची बाजू हवी आहे, त्याचा अभिमान हा दुसऱ्याच्या कमाईवर केलेला दावा होय.

जव्हारचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. जयबा मुकणे यांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी ही सत्ता उभी केली, आणि त्यांचे पुत्र नेमशाह यांना दिल्लीच्या महंमद तुघलकाने राजा म्हणून मान्यता दिली. तो दिवस ५ जून १३४३ हा मानला जातो, आणि संस्थानाला त्याचे इतके अप्रूप वाटले की पुढे कित्येक पिढ्या दरबारी कागदपत्रांत त्या दिवसापासूनची कालगणना चालू राहिली. आदिवासी कोळी राजाने दिल्लीच्या सुलतानाकडून आलेला ‘शाह’ हा किताब आपल्या नावाला जोडावा, तो विक्रमशाह, पतंगशाह असा पिढ्यानुपिढ्या मिरवावा, आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटू नये! अभिमानाच्या वस्तू काळाबरोबर किती पालटतात, याचे याहून बोलके उदाहरण मला सहसा आढळले नाही.

पुढे शिवाजी महाराज सुरतेच्या मोहिमेवर निघाले असता, म्हणजे १६६३ चे वर्ष सरून १६६४ चे लागत असता, जव्हारनजीकच्या माळावर त्यांचा मुक्काम पडला, आणि विक्रमशाह राजाने त्यांच्या मस्तकी मानाचा तुरा खोवून त्यांचा सन्मान केला, अशी परंपरा आहे. त्या माळाला शिरपामाळ म्हणतात. तेथे आज स्मारक आहे आणि शाळांच्या सहली तेथे येतात. ही कथा जव्हारमध्ये प्रेमाने सांगितली जाते, आणि ती सांगावीच. परंतु त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १६७२ साली, महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी फौज घालून जव्हार घेतले आणि त्याच विक्रमशाहाला मुलूख सोडून पळावे लागले, हा भाग सांगण्याच्या ओघात बहुधा गळतो. एर्नेस्त रनाँ या फ्रेंच विद्वानाने १८८२ साली पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात राष्ट्र म्हणजे काय या विषयावर एक विख्यात व्याख्यान दिले; राष्ट्र घडण्यासाठी पुष्कळ गोष्टी एकत्र आठवाव्या लागतात तशाच पुष्कळ गोष्टी एकत्र विसराव्याही लागतात, असा त्याचा अभिप्राय होता. मला हा अभिप्राय अर्धाच मान्य आहे. शिरपामाळावरचा तुरा आणि मोरोपंतांची स्वारी या दोन्ही गोष्टी जव्हारच्या मुलाला एकाच तासाला शिकविल्या, तर त्याचे महाराजांवरील प्रेम उणावेल असे समजणे हा त्या मुलाच्या बुद्धीचा आणि महाराजांच्या थोरवीचा, दोहोंचाही अवमान आहे. राजकारणात कालचा यजमान आज प्रतिपक्षी होतो. हे जाणूनही जो टिकतो तोच अभिमान प्रौढ म्हणावा.

संस्थानचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, आणि स्वातंत्र्यानंतर लोकसभेवर निवडून गेले. राजाचा प्रजासत्ताकात प्रवेश असा सुकर झाला. प्रजेचा तसा झाला नाही.

१९४५ साली या पट्ट्यातील वारल्यांमध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली जी चळवळ उभी राहिली, तिची हकीकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेवली आहे. सावकार आणि जमीनदार यांच्याकडून लग्नासाठी थोडीशी रक्कम उचलावी आणि तिच्यापायी नवराबायकोने जन्मभर त्यांच्या घरी राबावे, अशा माणसांना लग्नगडी म्हणत; वेठबिगारीला कोणी नाही म्हणण्याची प्राज्ञा नव्हती, आणि मालकासमोर ताठ उभे राहणे हाच मुळी गुन्हा समजला जाई. आज विक्रमगड तालुक्यात असलेल्या तलवाड्यास त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जमलेल्या आदिवासींवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड हुतात्मा झाला. ज्या माणसाला मान वर करण्याची मुभा नाही, त्याला ‘तू आपल्या राष्ट्राचा अभिमान बाळग’ असे सांगण्यात केवढे क्रौर्य आहे, याचा विचार आपल्या राष्ट्रवादी वाङ्मयाने फार थोडा केला. जोतीराव फुल्यांनी तो केला होता. जातीजातींत विभागलेले लोक एकमय झाल्यावाचून राष्ट्र कसे होणार, हा त्यांचा सवाल होता. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण अद्याप राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर ओळखू तितके बरे, अशा आशयाचा इशारा दिला तेव्हा त्यांनी तोच धागा पुढे नेला. या दोघांना राष्ट्राविषयी आस्था नव्हती असे कोण म्हणेल? त्यांची आस्था इतकी उत्कट होती की अर्धवट बांधलेल्या घराला त्यांनी घर म्हणू दिले नाही.

आता अभिमानाचे जे रूप मला सर्वांत निर्मळ वाटते, तेही याच मुलखात आढळते. मोखाड्याचा बोहाडा हा जगदंबेचा उत्सव. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-सनईच्या तालावर, मुखवटे धारण केलेली सोंगे एकामागून एक निघतात. आरंभी गणपती आणि सरस्वती, मग देव, दानव, पुराणातली नाना पात्रे, आणि शेवटी देवी व महिषासुर यांचे युद्ध. मुखवटा वजनदार असतो. तो डोक्याभोवती फडक्याने आवळून बांधला की नाचणाऱ्याला समोरचे नीट दिसतही नाही, म्हणून कोणी तरी त्याच्या पुढे राहून त्याला वाट दाखवीत नेतो. सोंग नाचविण्याचा मान घराण्याघराण्यांकडे परंपरेने चालत आलेला आहे. एखाद्याकडे देवाचे सोंग असते, एखाद्याकडे राक्षसाचे, आणि राक्षसाचे सोंग ज्याच्याकडे आहे तोही ते तितक्याच निष्ठेने नाचवितो, कारण त्याच्यावाचून उत्सव पुरा होत नाही. त्याला बोहाड्याचा अभिमान असतो तो बोहाडा जगात श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे. शेजारच्या गावचा बोहाडा हीन ठरविण्याचीही त्याला गरज भासत नाही. त्या रात्रीचे ओझे काही काळ त्याच्या खांद्यांवर असते, एवढे त्याला पुरते.

वारली चित्रकलेचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. सुवासिनींनी लग्नघरी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिलेला चौक ही तिची मूळ भूमी. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे ठेवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज ती चित्रे सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर आहेत, साड्यांवर आहेत, परदेशी पाहुण्यांस द्यावयाच्या भेटवस्तूंवर आहेत, आणि ती पाहून आपल्याला भारतीय असल्याचा आनंद होतो. होऊ द्यावा, त्यात गैर काही नाही. पण ज्या वेळी आपण वारल्याचा तारपानृत्याचा फेर ‘आपला’ म्हणून दिवाणखान्यात लावतो, त्या वेळी त्या वारल्याचे बाकीचे आयुष्यही ‘आपले’ होते, हे ध्यानी घ्यावयास हवे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने एकामागून एक बालके दगावली आणि महाराष्ट्र हादरला. ती बालके कोणाची होती? तारपा आपला आणि वावर-वांगणी त्यांची, अशी वाटणी करता येत नाही. अभिमानात ज्याने वाटा उचलला, त्याला लाजेतला वाटा नाकारण्याचा अधिकार उरत नाही.

या संदर्भात मला पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांचे स्मरण होते. ७ डिसेंबर १९७० रोजी वॉर्सा येथे, ज्यूंच्या उठावाच्या स्मारकापुढे पुष्पचक्र वाहून ते अकस्मात गुडघे टेकून बसले. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्यामुळे ज्याला स्वतः देशोधडीस लागून नॉर्वेत आश्रय घ्यावा लागला होता, त्या माणसाच्या अंगी व्यक्तिशः कसलेही पाप नव्हते. तरीही तो जर्मन होता, आणि जर्मनीच्या नावाने झालेले सर्व काही आपल्या खात्यावर मांडण्याइतका तो मोठा होता. जर्मनीची मान त्या दिवशी खाली गेली असे त्या वेळी त्याच्या अनेक देशबांधवांना वाटले. जगाला मात्र ती प्रथमच वर आल्यासारखी दिसली.

आपल्याकडे असे गुडघे टेकण्याचे प्रसंग नाट्यमय नसतात, ते रोजचे असतात. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात इतके पाणी कोसळते की ओढ्यांना वाट पुरत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच मुलखातल्या बायका रिकामी भांडी घेऊन टँकरची वाट पाहतात. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मुंबई महानगरपालिकेने शंभर मीटरांहून उंच असे मध्य वैतरणा धरण बांधले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते खरोखर गौरवास्पद काम आहे आणि त्याचे पाणी कोट्यवधी मुंबईकरांची तहान भागविण्याच्या उपयोगी पडते. त्या धरणाच्या तालुक्यात टँकर फिरावा, ही गोष्ट कोणा एका कचेरीच्या हलगर्जीपणाची म्हणून सोडून देता येत नाही. दिवाळी उलटली की येथील कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. ज्या शहरांच्या इमारतींवर आपण प्रगतीची मोजदाद करतो, त्यांच्या विटा ती थापतात, आणि त्यांची पोरे शाळेच्या हजेरीपटावर नावापुरती उरतात.

तेव्हा राष्ट्रीयत्वाचा अभिमान बाळगावा काय, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे; आणि तो होकार मी मोखाड्याच्या माणसालाच आधी देईन, मुंबईकराला नंतर. कारण १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यानुपिढ्या कसणाऱ्याला, जे अधिकार दिले, ते बजावण्यासाठी तो पायपीट करतो, तहसील कचेरीत दाव्याचे कागद पुनःपुन्हा दाखल करतो, आणि ग्रामसभेत उभा राहून पाण्याचा, रोजगार हमीच्या मजुरीचा, अंगणवाडीतल्या आहाराचा हिशेब विचारतो. पाड्यावरची बाई तो हिशेब विचारते तेव्हा सरपंच, ग्रामसेवक, प्रसंगी तहसीलदारही तिला उत्तर देण्यास बांधलेले असतात. तिच्या आजीला सावकाराच्या अंगणात उभे राहण्याचीही परवानगी नव्हती. मुंबईकराने आपला वाटा उचलावयाचा असेल तर त्याने निदान आपल्या महानगरपालिकेला विचारावे, की वैतरणेच्या काठच्या गावांना त्या पाण्यातून काय पोहोचले, आणि उत्तर लेखी मागावे.