परिचारिकेची उमेदवारी व तिची पारख

अमेरिकेंत परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून 'एन्क्लेक्स' ही परीक्षा उतरलेल्या मुलीस राज्याच्या परिचारिका-मंडळाकडून परवाना मिळतो. त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीनें ती आणि वीस वर्षें सेवा केलेली परिचारिका यांत भेद उरत नाहीं. शरीरशास्त्र तिला पाठ असतें. पण मध्यरात्रीं चार-पांच रोग्यांचा भार तिच्या एकटीवर पडतो, एकाचा श्वास जड होऊं लागतो, दुसऱ्याच्या औषधाची वेळ टळत असते, आणि डॉक्टरला झोपेंतून उठवावें कीं नाहीं हें तिनेंच ठरवावयाचें असतें, तेव्हां पुस्तकाचें कोणतें पान उघडावें? मार्लीन क्रेमर या विदुषीनें १९७४ सालीं 'रिअ‍ॅलिटी शॉक' या ग्रंथांत याच धक्क्याचें विवेचन केलें.

तो न सोसून कित्येकजणी पहिल्या वर्षींच नोकरी सोडतात. रोग्याच्या जिवाचा धोका तर निराळाच. यावर उपाय म्हणून तेथील रुग्णालयांनीं 'रेसिडेन्सी' काढली. सोनार-सुतारांच्या धंद्यांत जिला उमेदवारी म्हणतात, तिचेंच हें शास्त्रशुद्ध रूप: पगार चालू, काम चालू, आणि शेजारीं अनुभवी मार्गदर्शिका. विश्वविद्यालयीन रुग्णालयांचा संघ व परिचर्या-महाविद्यालयांची संघटना यांनीं २००२ मध्यें आरंभिलेली अशी उमेदवारी वर्षभराची आहे. २०१० मध्यें 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'च्या अहवालानेंहि तिची शिफारस केली.

पण नांवाला कुलूप नसतें. एखाद्या रुग्णालयानें आठ दिवस इमारत दाखवून व चार व्याख्यानें ऐकवून त्यालाच 'रेसिडेन्सी' म्हटलें, तर अडविणार कोण? मुलगी मात्र त्या नांवाच्या भरंवशावर तेथें जाते. कांहीं ठिकाणीं ती ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार लिहून देते, आणि मध्येंच सोडल्यास शिक्षणाचा खर्च म्हणून रक्कम भरण्यासहि बांधली जाते. म्हणून अशा उमेदवारीची पारख तिऱ्हाइताकडून व्हावी लागते. तिलाच 'अ‍ॅक्रेडिटेशन' म्हणजे मान्यता म्हणतात.

हें काम तेथें सरकार करीत नाहीं. 'कमिशन ऑन कॉलेजिएट नर्सिंग एज्युकेशन' आणि 'अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर' या त्यांतील प्रमुख संस्था. पहिलीनें यासाठीं २००८ मध्यें मानकें ठरविलीं. तिच्या रीतीप्रमाणें रुग्णालयानें आधीं स्वतःचें परीक्षण स्वतः करून सविस्तर निवेदन लिहावयाचें. मग त्याच व्यवसायांतील परीक्षक येऊन तें पडताळून पाहतात. शिकविणाऱ्यांची पात्रता काय? संस्था त्यासाठीं पैसा व माणसें खरोखरच देते, कीं गर्दीच्या वेळीं नवशिकी म्हणजे केवळ दोन जादा हात? अभ्यासाला कांहीं क्रम आहे काय? वर्षाअखेर किती जणी टिकल्या, याचे आंकडे ठेवून त्यांवरून सुधारणा होते काय? शाळांची तपासणी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ठाऊकच असेल कीं त्या दिवशीं फळे नेहमींपेक्षां अधिक काळे असतात. यास्तव खुद्द नवशिक्या परिचारिकांचें म्हणणेंहि ऐकलें जातें. शिवाय मान्यता कायमची नसते. मुदत संपली कीं पुन्हां परीक्षण.

येथें एक गैरसमज फार होतो. मान्यता कार्यक्रमाला असते, मुलीला नव्हे. तिच्या परवान्याशीं तिचा संबंध नाहीं. ती ऐच्छिकहि आहे. तेव्हां ती नसलेलें रुग्णालय वाईटच असें समजूं नये, आणि असली तरी किती आठवडे मार्गदर्शिका सोबत राहील व रोगी एकटीच्या हवालीं केव्हां होतील, हें विचारल्यावांचून राहूं नये. कराराच्या अटी तर सही करण्यापूर्वीं स्वतःच्याच डोळ्यांनीं वाचाव्या.

मुंबई-पुण्याकडे पांच-सात वर्षें सेवा करून तिकडे जाणाऱ्या परिचारिकांना मात्र हें दार बहुधा लागू पडत नाहीं. ही उमेदवारी सामान्यतः बारा महिन्यांहून कमी अनुभव असलेल्यांसाठीं असते. अनुभवी परिचारिका नव्या विभागांत शिरत असेल, तर तिच्यासाठीं 'फेलोशिप' असा वेगळा कार्यक्रम असतो, आणि वर सांगितलेल्यांपैकीं दुसरी संस्था त्यालाहि मान्यता देते.