एका पायाची सूज

फलकावरील विषय वाचून काही मंडळी बिचकली, असे आमच्या कानांवर आले. बोनस आणि ग्रॅच्युइटी यांवर बोलणारा युनियनचा माणूस बायकांच्या गोळ्यांवर काय बोलणार, असा प्रश्न त्यांना पडला. प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, आमचे शिक्षणही शाळेच्या उंबरठ्यापलीकडे फारसे गेले नाही. या विषयाकडे आम्ही वळलो ते स्वतःच्या एका चुकीमुळे, तेव्हा आधी ती चूकच सांगतो.

मरोळच्या सीप्झमध्ये 1973 पासून कारखाने उभे राहिले. इलेक्ट्रॉनिक्स आणि पुढे दागिने घडविणे, ही दोन्ही कामे बारीक बोटांची, म्हणून स्त्रियांची भरती मोठी झाली. कोणी पाळीभर बाकावर बसून, तर कोणी पाळीभर उभी. पाय दुखणे ही तेथे तक्रार समजली जात नाही, हजेरीबरोबर ते येतेच. आमच्या युनियनमधील तिशीच्या एका भगिनीची डावी पोटरी चार दिवस ठणकत होती. तिने बाम लावला, शेजारणीकडून तेल चोळून घेतले. दवाखान्यात दुखण्याची गोळी मिळाली. आम्हांस विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, "ताई, उभ्याचे काम नको, चार दिवस बसून काम मागून घ्या." पाचव्या दिवशी जिना चढताना तिला धाप लागली आणि छातीत कळ आली. पायातील रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. वेळेवर इस्पितळ गाठले म्हणून ती वाचली. दोन महिन्यांपूर्वीच तिने संततिनियमनाची गोळी सुरू केली होती. दवाखान्यात कोणी ते विचारले नाही आणि दीर शेजारी बसलेला, म्हणून तिने सांगितले नाही. आमच्या तर मनातही आले नाही.

आता हे घडते कसे ते पाहू. पायांतील रक्त हृदयाकडे वर चढवावे लागते. पोटरीचे स्नायू चालताना आकसतात आणि खोल शिरांतील रक्त वर ढकलतात. पोटरी म्हणजे एक पंपच म्हणा ना. माणूस तासन्तास हलला नाही की पंप थंडावतो आणि रक्त रेंगाळते. दुसरीकडे गोळीतील इस्ट्रोजेन हे द्रव्य यकृताकडून रक्त गोठविणारे पदार्थ अधिक करवून घेते आणि गोठणे आवरणारे काही पदार्थ कमी करते. रेंगाळलेले रक्त आणि गोठण्याकडे झुकलेले रक्त एकत्र आले म्हणजे खोल शिरेत गुठळी धरू शकते. ती जागची सुटली तर हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसात जाऊन अडकते.

आपल्या मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले. ज्या गोष्टी कुजबुजतही बोलत नसत त्या त्यांनी छापल्या आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. ते 1953 साली वारले. गोळी अमेरिकेत मान्य झाली 1960 साली. पुढल्याच वर्षी इंग्लंडमधील एका डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात कळविले की, अशी गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात गुठळी सापडली. 1968 पर्यंत पाहण्या होऊन संबंध पक्का झाला आणि गोळीतील इस्ट्रोजेन उतरत गेले. 1970 साली अमेरिकन सिनेटमध्ये यावर साक्षी चालल्या. तेथे गोळी घेणाऱ्या एकाही बाईस का बोलाविले नाही, असे प्रेक्षकांत बसलेल्या तरुणींनी उभे राहून विचारले. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात धोक्याची माहिती घालण्याचा हुकूम निघाला. सभेत उभे राहून विचारण्याचे फळ मिळते, हे आम्ही युनियनवाल्यांनी कोणास सांगावयास नको!

धोका केवढा? गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या 10,000 स्त्रियांत वर्षाला साधारण 2 जणींना अशी गुठळी होते. आपल्या माला-एन, माला-डी या गोळ्यांत लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि 0.03 मिलिग्रॅम इस्ट्रोजेन असते. अशा गोळ्यांवर हा आकडा 5 ते 7 होतो. ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांवर 9 ते 12. गरोदरपणात, आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत, धोका याहूनही मोठा असतो. म्हणून घाबरून गोळी फेकण्यात शहाणपण नाही. 1995 साली इंग्लंडात सरकारी इशाऱ्यानंतर पुष्कळ स्त्रियांनी गोळी एकाएकी सोडली आणि पुढील वर्षी गर्भपात वाढले.

आमच्या मते आपल्याकडे अधिक काळजीची गोष्ट दुसरीच आहे. गणपती, लग्न किंवा पूजा आली की पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली जाते. नॉरएथिस्टेरोन, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावयाची. प्रत्यक्षात धाकटा दीर जाऊन नाव सांगून घेऊन येतो. या गोळीचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि या मात्रेत तो संततिनियमनाच्या हलक्या गोळीतल्याइतका भरू शकतो. म्हणजे जे प्रश्न तिथे विचारावयाचे तेच इथेही. आणि ही गोळी घेऊन आमच्या भगिनी काय करतात? कोकणच्या एस.टी.त बसतात. दहाबारा तास गुडघे मुडपून, लघवीला उतरावे लागू नये म्हणून पाणीही न पिता! पाळी ही विटाळाची बाब की नाही, हा वाद आज आम्ही उकरून काढत नाही. गाडी थांबेल तेथे उतरावे, चार पावले चालावे, पाणी प्यावे, आणि गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, एवढे तरी व्हावे.

विचारावयाचे ते असे: घरात आई, बहीण कोणाला गुठळी झाली होती काय? रक्तदाब वाढलेला आहे काय? डोळ्यांपुढे झगमग होऊन अर्धशिशी उठते काय? बाळंतपण किंवा मोठे ऑपरेशन नुकतेच झाले आहे काय? वजन फार आहे काय? पस्तिशीपुढे धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने इस्ट्रोजेनची गोळी घेऊ नये, असे सांगतात. आपल्याकडे बायका विडी क्वचित ओढतात, मशेरी मात्र पुष्कळजणी लावतात. डॉक्टर ते आपण होऊन विचारतीलच असे नाही, आपणच सांगावे.

आणि खुणा. कामाने दुखतात ते बहुधा दोन्ही पाय, आणि रात्री पाय वर घेऊन निजले की उतार पडतो. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, कातडी गरम झाली, लाल वा काळसर दिसली, तर ती थकव्याची खूण धरू नये. असा पाय चोळू नये, त्याच दिवशी इस्पितळात दाखवावा. एकाएकी धाप, खोल श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, भोवळ. किंवा कधी नव्हे अशी भयंकर डोकेदुखी, दिसेनासे होणे, जीभ अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांत सकाळची वाट पाहू नये. गोळी सुरू केल्यापासूनच्या पहिल्या काही महिन्यांत, किंवा महिनाभर खंड पाडून पुन्हा सुरू केल्यावर, अधिक जपावे. गुठळी होऊन गेलेल्या स्त्रीसाठी तांबी आहे, निरोध आहे. त्यांत इस्ट्रोजेन नाही.

इस्पितळात जाताना गोळ्यांची पट्टी बरोबर न्यावी. तोंडाने सांगण्याचा संकोच वाटला तर ती टेबलावर ठेवावी, डॉक्टर वाचतील. दिरास बाहेर बसावयास सांगण्याचे काम मात्र कोणीतरी करावे लागते. आमची ती भगिनी आता आपल्या विभागातल्या मुलींबरोबर दवाखान्यात जाते, आणि ते काम तीच करते.