प्रेक्षकाचा शारीर सहभाग आणि कलाकृतीचे स्वरूप : ब्राझीलमधील दोन कलावंतांच्या संदर्भात

प्रस्तावना :
कलाकृती पाहावी, पण तिला हात लावू नये, हा कलादालनाचा सर्वपरिचित शिष्टाचार आहे. कलाकृती कलावंताच्या हातून पूर्ण होते आणि प्रेक्षकाने ती केवळ डोळ्यांनी ग्रहण करावयाची असते, असे गृहीतक त्यामागे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिजिया क्लार्क (१९२०-१९८८) आणि एलियो ओइतिसिका (१९३७-१९८०) या ब्राझीलच्या कलावंतांनी हे गृहीतक नाकारले. त्यांच्या निवडक कृतींच्या आधारे शारीर सहभागाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वस्तूकडून कृतीकडे :
१९५९ मध्ये रिओ दी जानेरो येथे कवी फेरेइरा गुलार यांनी लिहिलेला निओ-काँक्रीट जाहीरनामा प्रसिद्ध झाला. कलाकृती ही यंत्र किंवा निव्वळ वस्तू नसून सजीवाशी तिचे साम्य असते, अशी त्याची भूमिका होती. या जाहीरनाम्यावर क्लार्क यांचीही स्वाक्षरी होती. १९६० पासून त्यांनी ‘बिशोस’, म्हणजे ‘प्राणी’, ही शिल्पमालिका घडविली. धातूचे पत्रे बिजागऱ्यांनी जोडलेल्या या शिल्पांना पुढची-मागची बाजू नाही. एक पत्रा हलविला की इतर पत्रेही हलतात. काही वेळा ते हाताला विरोधही करतात. येथे प्रेक्षकाची इच्छा आणि शिल्पाची रचना यांच्यात जणू संवाद घडतो.

१९६३ मधील ‘कामिन्यान्दू’ (‘चालताना’) या कृतीत क्लार्क यांनी शिल्पही दूर केले. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन तिची टोके चिकटवावीत आणि तयार झालेली मोबियस पट्टी कात्रीने लांबीच्या दिशेने कापत जावे, एवढीच सूचना आहे. फेरी पूर्ण होऊन पहिला छेद जवळ आला की डावीकडे वळावे की उजवीकडे, हे कापणाऱ्याने ठरवावयाचे असते. पट्टी अरुंद होत जाते. कात्रीला जागा उरली नाही की कृती संपते. मागे उरलेला कागदाचा गुंता ही कलाकृती नव्हे. कापणे आणि कापताना घेतलेला निर्णय हीच कलाकृती होय.

शरीर कोणाचे?
ओइतिसिका १९६४ पासून रिओमधील मांगेइरा या गरीब वस्तीतील सांबा मंडळात जाऊ लागले. तेथील अनुभवातून ‘पारांगोले’ ही अंगावर घ्यावयाची वस्त्रे आकारास आली. खुंटीवर टांगलेले पारांगोले केवळ कापड असते. ते पांघरून कोणी नाचू लागले की त्यातील रंग गतिमान होतात. १९६५ मध्ये रिओच्या आधुनिक कला संग्रहालयातील ‘ओपिनियाव ६५’ या प्रदर्शनात ओइतिसिका ही वस्त्रे परिधान केलेल्या मांगेइराच्या नर्तकांसह आले, तेव्हा नर्तकांना आत प्रवेश नाकारण्यात आला. नृत्य संग्रहालयाबाहेर झाले. प्रेक्षकाला ‘या’ म्हणणारी कला कोणाच्या शरीराला दार उघडते, हा प्रश्न या प्रसंगाने उभा केला. तो केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही, सामाजिकही आहे.

जतनाचा पेच :
हाताळण्यासाठी घडविलेली मूळ ‘बिशोस’ आज मौल्यवान झाल्याने बहुधा स्पर्शापासून दूर ठेवली जातात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील २०१४ च्या प्रदर्शनात हाताळण्यासाठी प्रतिकृती ठेवाव्या लागल्या. उलट बाजूचा धोकाही खरा आहे. १९७१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत रॉबर्ट मॉरिस यांनी चढण्यासाठी व तोल सांभाळण्यासाठी उभारलेल्या रचना प्रेक्षकांना झालेल्या दुखापतींमुळे आणि रचनांच्या मोडतोडीमुळे काही दिवसांतच बंद कराव्या लागल्या. २००९ मध्ये टेट मॉडर्नमध्ये त्या नव्याने उभारण्यात आल्या. वस्तू जपावी तर कृती थांबते आणि कृती जपावी तर वस्तू झिजते, असा हा पेच आहे.

निष्कर्ष :
प्रेक्षकाची प्रत्येक हालचाल म्हणजे सहभाग नव्हे. कळ दाबताच ठरलेला दिवा लागत असेल, तर प्रेक्षकाने काहीच ठरविलेले नसते. शरीराने घेतलेल्या निर्णयामुळे कृती बदलते काय, हाच सहभागाचा निकष मानावा लागेल. या दृष्टीने ‘कामिन्यान्दू’चे शैक्षणिक मूल्य मोठे आहे. ‘बिशोस’चे छायाचित्र वर्गात दाखविले तर विद्यार्थ्यांच्या हाती केवळ छायाचित्रच येते. कागद, गोंद आणि कात्री दिली, तर मात्र ‘कामिन्यान्दू’ ही कलाकृती त्याच वर्गात घडते आणि ती घडविणारा प्रत्येक विद्यार्थी आपला निर्णय स्वतः घेतो.